दोन घरांतला पिंगळू

मी चष्मे विकते. रत्नागिरीला मारुती आळीच्या कोपऱ्यावर माझं दुकान आहे, आणि तेवीस वर्षं लोकांच्या तोंडाकडे बघणं हाच माझा धंदा. नाक बसकं असलं तर कुठली फ्रेम, गाल वर असले तर कुठली, हे गिऱ्हाईक दाराशी चप्पल काढत असतानाच मला कळायचं. प्रसन्न, माझा नवरा, म्हणायचा की मृण्मयी एक वेळ माणसाचं नाव विसरेल, पण तोंड विसरायची नाही. घ्या. नेमकं तेच गेलं.

२०३९ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी साडेदहाचा सुमार, समोर कीरकाका बसलेले. वीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. मी त्यांच्या नाकावर फ्रेम ठेवली, मागे सरून बघितलं आणि मला काही कळेचना. डोळे दिसत होते, मिशी दिसत होती, हनुवटीवरची चामखीळसुद्धा दिसत होती. पण त्या सगळ्याचा मिळून कोणी माणूस होत नव्हता. मी मान वळवून आरशात पाहिलं, तर तिथे एक बाई उभी होती आणि ती कोण ते मला ठाऊक नव्हतं. तिने माझा ड्रेस घातला होता. पुढचं मला आठवत नाही. कीरकाका सांगतात, तू काउंटरखाली जाऊन बसलीस आणि बाहेर यायलाच तयार नव्हतीस.

मेंदूला झटका आला होता. अगदी बारीक, तांदळाच्या दाण्याएवढा. हात शाबूत, पाय शाबूत, बोलणं तर मूळचंच जास्त. मेंदूच्या तळाशी, उजव्या अंगाला, चेहरे ओळखणारी एक घडी असते, तेवढीच जळाली. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. मी म्हटलं, हो का.

घरी आले तर दारात एक पुरुष आणि एक नऊ वर्षांची मुलगी. मुलीच्या हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या. मला जुई उशिरा झाली, एकोणचाळिसाव्या वर्षी, नवस आणि इंजेक्शनं दोन्ही करून. ती झोपली की मी तासन् तास तिचं तोंड बघत बसायची. आणि आता ती समोर उभी राहून माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळत होती आणि मला आपलं वाटत होतं, कोणाची बरं ही? तिने 'आई' म्हटलं तेव्हा आवाजावरून कळलं. मी तिला जवळ घेतलं आणि भीतीने माझे दात वाजायला लागले. तिला वाटलं मला थंडी वाजतेय. तिने पळत जाऊन चादर आणली.

तुम्ही म्हणाल, नाव सांगणारे चष्मे निघालेत की आता. अहो, मीच विकते ते. समोरच्या माणसाचं नाव काचेच्या कोपऱ्यात उमटतं. मी घालून बघितले. नाव कळतं, पण ओळख पटत नाही. प्रसन्नच्या छातीवर 'प्रसन्न नागवेकर' अशी पाटी लावल्यासारखं वाटायचं, जवळचं कोणी वाटायचं नाही. आणि सोळा वर्षांखालच्या मुलांचं नाव दाखवायला त्या चष्म्यांना कायद्याने बंदी. जुईकडे बघितलं की काचेवर एक करडा ठिपका यायचा आणि खाली 'अल्पवयीन'. माझ्याच मुलीच्या तोंडावर सरकारी ठिपका. मी तो चष्मा काढून ठेवला.

मग जिल्हा रुग्णालयातल्या एका ओळखीच्या डॉक्टरांनी घाटावरच्या एका खासगी संशोधन केंद्राचं नाव सुचवलं. तिथे डॉक्टर शबाना मुकादम भेटल्या. मूळच्या आमच्याच, दापोलीकडच्या. त्यांनी पहिला प्रश्न काय विचारावा? लहानपणी हातातला व्हिडिओ गेम खेळायचात का, जनावरं पकडायचा? मला वाटलं, बाईंना कोणी दुसरीच फाईल दिली.

पण नाही. त्यांनी नीट समजावलं. मूल सात ते दहा वर्षांचं असताना मेंदू ओल्या मातीसारखा असतो. ज्याच्याकडे ते रोज तासन् तास टक लावून बघतं, त्याच्यासाठी मेंदू वेगळी जागा काढून ठेवतो. आमच्या पिढीतल्या पोरांनी तळहाताएवढ्या पडद्यावर ती चित्रविचित्र जनावरं पकडली, पाळली, झुंजवली. त्यांच्यासाठी मेंदूत एक पट्टी तयार झाली, चेहऱ्यांच्या घडीच्या शेजारीच, पण दुसऱ्या रक्तवाहिनीवर. शेजारचं घर जळालं तरी हे घर उभं असतं. मुकादमबाईंचा उपचार असा, की तेच जुनं मशीन, तोच छोटा पडदा हातात घेऊन गेम पुन्हा खेळायचा. डोक्याला पट्टा, त्यातून अगदी सौम्य विजेचे ठोके. जनावर समोर आलं, की अर्ध्या सेकंदात त्याच्या जागी एका माणसाचा फोटो. असं हजारो वेळा. हळूहळू ती पट्टी तो चेहरा त्या जनावराचंच दुसरं रूप म्हणून स्वीकारते. चेहरा दिसला की जनावर डोळ्यांपुढे येत नाही, पण लहानपणी ते दिसल्यावर जसं आतून 'हा आपला' व्हायचं, तसं होतं.

दोन अटी होत्या. झटक्यानंतर सहा महिने मेंदू नव्या वाटा शोधत असतो, बांधायचं ते तेवढ्यात. नंतर दार बंद. आणि गेममधल्या एका जिवाला एकच चेहरा.

मशीन माझ्या भावाकडे होतं, निनादकडे, चिपळूणला. आमचे बाबीकाका बोटीवर होते. त्यांनी २००० साली योकोहामाहून ते आणलं, तेव्हा मी नऊ वर्षांची, निनाद सात. आत एकच गेम आणि तो अथपासून इतिपर्यंत जपानी. काकांना काय कळतंय, दुकानदाराने दिला तो घेतला. आम्हाला एक अक्षर वाचता यायचं नाही. वरची ओळ म्हणजे हो, खालची म्हणजे नाही, असं ठेचा खात शिकलो. जनावरांची नावं आम्हीच पाडली. चिखल्या, टोळंबा, वाफोबा. आणि सगळ्यांत लाडका पिंगळू. अंगावर खवले, वाटोळे डोळे, आणि झोपला की स्वतःचे कान पांघरून घ्यायचा. निनादने दर दहा वर्षांनी गेमच्या आतला बटणाएवढा सेल बदलून सगळं जसंच्या तसं जिवंत ठेवलं होतं. आमचा खेळ चाळीस वर्षांपूर्वी जिथे थांबला तिथेच उभा होता. मशीन हातात घेतलं आणि माझे अंगठे आपोआप चालायला लागले. मला ते आवडलं नाही. माझ्या परवानगीशिवाय माझ्यातलं कोणीतरी खेळत होतं.

पिंगळूवरून आम्ही भावंडं रक्त काढेपर्यंत भांडलो होतो. पकडला मी, वाढवला त्याने. जनावरं ठेवायला गेममध्ये पेट्या असत, एक माझी, एक त्याची. सेलचा तेव्हा दुष्काळ. आई महिन्यातून एकदा सेल द्यायची. संपले की आम्ही ते दाताने चावायचो आणि अंगणात आमसुलांच्या शेजारी उन्हात वाळत घालायचो. ऊन खाल्लेला सेल दहा मिनिटं चालतो, मग कधी मान टाकेल सांगता येत नाही. असंच एकदा निनाद पिंगळूला माझ्या पेटीतून त्याच्या पेटीत नेत होता आणि मधेच सेल बसला. पुन्हा सुरू केलं, तर पिंगळू माझ्या पेटीतही होता आणि त्याच्याही. निनाद रडायला लागला, खरा कुठला आणि खोटा कुठला म्हणून. मग आम्ही आईची शपथ घेतली. पिंगळू एकच आहे, तो दोन घरांत राहतो. कोणी कधी दोन म्हणायचं नाही. त्या दिवसापासून भांडण संपलं ते संपलंच.

केंद्रातल्या फॉर्मवर एक प्रश्न होता: संग्रहात एकच प्राणी दोनदा आहे का? मुकादमबाईंनी मुद्दाम थांबून सांगितलं होतं, की चित्र सारखं आहे की नाही ते आमचं मशीन बघत नाही. एकाच चित्राचे तीन प्राणी असले तरी मुलाला ते जुळ्या भावंडांसारखे वेगळे ओळखता येतात. तुमच्या मनात कोण वेगळा आणि कोण तोच, हे तुम्हीच सांगायचं. मी प्रश्न वाचला आणि 'नाही' लिहिलं. खोटं लिहिलं नाही हो. माझ्या मनात दोन नव्हतेच. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई मी, आणि लिहिताना मला वाटलं, दोन म्हटलं तर शपथ मोडेल.

मे महिन्यात गुण आला. आधी प्रसन्न ओळखू आला, त्याला मी चिखल्या दिला होता, दोघेही सारखेच मठ्ठ आणि भरवशाचे. सासूबाईंना वाफोबा. ती माझी चूक, कारण वाफोबाने लहानपणी मला फार मारलं होतं, आणि आता सासूबाई गावाहून आल्या आणि चहा मागितला तरी छातीत धडधड व्हायची. जुईला अर्थात पिंगळू.

ती दुपार मी विसरायची नाही. जुई केंद्राच्या बाकावर बसून चिक्की खात होती. मी पट्टा काढून बाहेर आले, तिच्याकडे बघितलं, आणि आतून असं काही उसळून आलं की मी भिंतीला धरून उभी राहिले. माझी. ही माझी. तीन महिने कोरडं पडलेलं सगळं एका क्षणात भरून आलं. मी तिची चिक्कीने चिकट झालेली बोटं तोंडात घातली. ती म्हणाली, शी आई, लोक बघतायत. मी रडले आणि प्रसन्नही रडला, तो तर आमटी जास्त तिखट झाली तरी रडतो.

मुदत संपायच्या आत जुलैमध्ये आणखी एक फेरी घेतली. जवळची माणसं झाली होती, जनावरं उरली होती. केंद्राने म्हटलं, शेजारी, गिऱ्हाइकं, मुलीच्या वर्गातल्या मैत्रिणी, कोणाचेही फोटो द्या, उरलेल्या जागा मशीन आपणच वाटून देईल. जुईने हौसेने वर्गाचा फोटो दिला. निनादच्या पेटीतली सगळी जनावरं त्यात गेली. ठोके बसत असताना मी अर्धवट गुंगीत असायची. कोणाला काय दिलं ते मी विचारलं नाही.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा. शाळा साडेबाराला सुटते. गेटवर एकसारखे दीडशे युनिफॉर्म, एकसारख्या लाल रिबिनी, पण मला आता काय फिकीर? मी स्कूटरवर ऐटीत बसले होते. पोरींच्या लोंढ्यात जुई दिसली, आतून तेच उसळलं, मी हात धरून तिला मागे बसवलं आणि निघाले. ती काहीतरी म्हणत होती. वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही. मांडवीच्या चढावर ऐकू आलं.

"काकू, मी जुई नाही."

मी हसले. जुईला असली थट्टा करायची खोड आहेच. झटक्यानंतर ती कानातलं बदलून, आवाज बदलून मला फसवायला बघायची. मी म्हटलं, पुरे गो. ती पुन्हा म्हणाली आणि रडायला लागली. आता मला राग आला. हा काय चेष्टेचा विषय झाला? आवाज वेगळा होता हे आज मला कळतं. पण तुम्ही सांगा, समोर आपली मुलगी असताना तिच्या आवाजाकडे कोण बघतं? घरी आणलं, पाय धुवायला लावलं, आणि भात वाढला. ती जेवेना. हुंदके देत होती, आणि मला काळजी वाटायला लागली की हिला ताप येतोय.

तेवढ्यात प्रसन्नचा फोन. कुठे आहेस, शाळेतून फोन आला म्हणून मी आलोय, जुई गेटवर एकटीच उभी होती. मी म्हटलं, जुई माझ्यासमोर बसलीये. पलीकडे फोन कोणाच्या तरी हातात गेला. मग फोनमधून जुईचा आवाज आला.

"आई, मी इथे आहे. बाबांबरोबर."

समोर जुई होती. फोनमध्ये जुई होती. मला एकच उत्तर सुचलं आणि ते मला अगदी खरं वाटलं. हल्ली आवाजाची नक्कल करून लोकांना फसवतात, आमच्याच आळीत दोघांना गंडा घातलाय. कोणीतरी माझ्या नवऱ्याचा आणि मुलीचा आवाज काढून मला घराबाहेर काढू बघतंय. माझ्या मुलीला नेऊ बघतंय. मी फोन बंद केला, दाराला कडी घातली, खिडक्या लावल्या, आणि तिला पोटाशी धरून स्वयंपाकघरात ओट्याखाली बसले. ती सुटायला बघत होती. मी तिच्या तोंडावर हात ठेवला, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. ती माझ्या हाताला चावली तरी मी सोडलं नाही.

वीस मिनिटांनी दार वाजलं. पुरुषाचा आवाज, मग मुलीचा. मग शेजारच्या सुर्वेवहिनींचा. त्यांचा आवाज कोण कशाला काढेल, असं वाटून मी मुलीचं मनगट धरूनच खिडकीची फट उघडली. बाहेर प्रसन्न उभा होता. त्याचा हात धरून जुई उभी होती. आतून उसळलं, माझी. मी मागे वळून पाहिलं. हातात जुई होती. पुन्हा उसळलं, माझी. तितकंच, तसूभरही कमी नाही. मी चार-पाच वेळा मान वळवली असेन. दोन्ही वेळा तेच. मग माझ्या हातून तिचं मनगट सुटलं. मुलगी धावत जाऊन कडी काढून बाहेर पळाली.

ती अवनी भाटकर होती, जुईच्या वर्गातली. तिच्या मनगटावर माझी चार बोटं उठली होती.

दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत अवनीची आई, वृषाली, माझ्यासमोर बसली होती. दोन वर्षांपूर्वी मीच तिला फ्रेम निवडून दिली होती. प्रसन्नने सगळी कागदपत्रं दाखवली, मुकादमबाई व्हिडिओवर आल्या. त्यांना कळायला दोन मिनिटं लागली. त्यांनी पेट्यांची यादी मला वाचून दाखवली, निनादच्या पेटीतल्या पिंगळूपुढे अवनीचं नाव होतं, आणि मीच आपल्या तोंडाने शपथेची गोष्ट सांगितली. फौजदारबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मशीनने जागा मोजल्या होत्या, म्हणून त्याला दोन दिसले. माझ्या मेंदूने जीव मोजला. त्याच्या लेखी पिंगळू एकच होता, आणि त्या एकाला आता दोन चेहरे होते.

वृषालीने तक्रार लिहून दिली नाही. ओरडलीही नाही. जाताना फक्त माझ्याजवळ थांबली.

"ताई, अवनी रात्रभर झोपली नाही. मला विचारत होती, काकू इतकं खरं बोलत होत्या, मी जुईच असेन का म्हणून. तुम्ही तिच्याकडे असं बघू नका."

उपाय एकच होता. गेममध्ये एखादा प्राणी कायमचा सोडून देता येतो. डोक्याला पट्टा लावून, मी स्वतःच्या हाताने पिंगळूला सोडला, तर मेंदूतली गाठ सुटेल. पण दोघींची मिळून. अवनीची तेवढी सोडवता येणार नाही, कारण दोन गाठी नाहीतच. आणि सहा महिने होऊन गेले होते. जुईला दुसऱ्या जनावराशी बांधता येणार नव्हतं. तिचा चेहरा जाईल तो जाईल.

मी साफ नाही म्हटलं. का सोडू? प्रसन्नही म्हणाला, शाळा बदलू, घर बदलू, मी चिपळूणला कामाचं बघतो. मला ते पटलं. आठ दिवस मी स्वतःला सांगत होते की ती दुसऱ्याची पोर आहे, आपला काही संबंध नाही. नवव्या दिवशी दुपारी दुकान बंद करून मी जेवायला घरी निघाले, आणि भानावर आले तेव्हा भाटकरांच्या बिल्डिंगसमोर उभी होते. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत त्या पोरीचा युनिफॉर्म वाळत होता. त्याची बाही उसवलेली होती आणि मला वाटत होतं, हिच्याकडे कोणी बघत नाही का, मी असते तर एव्हाना टाका घातला असता. मी तिच्या आईचा द्वेष करत होते. मनापासून, जिन्याकडे नजर लावून. पायरीवर एक पाय ठेवलाही होता. मग मला स्वतःची इतकी भीती वाटली की मी स्कूटर तिथेच टाकून घरापर्यंत पळत गेले.

जुई घरी होती. मी अवनीला घरी आणलं त्या दिवसापासून ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. मी धापा टाकत आत आले, तिच्याकडे बघितलं, आणि नेहमीसारखं भरून आलं. तिने ते पाहिलं. पोरांना सगळं कळतं.

तिने विचारलं, "तू तिला भात वाढत होतीस तेव्हा तिच्याकडे अशीच बघत होतीस?"

मी खोटं बोलू शकले असते. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मघाशी जिन्याच्या पायरीवर जे झालं होतं, त्यानंतर माझ्याच्याने होईना. मी म्हटलं, हो.

"अशीच? थोडीपण कमी नाही?"

"नाही गो."

ती बराच वेळ पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली.

"मग मला नको तसं बघणं," ती म्हणाली. "मला ओळखू नकोस, चालेल. पण तिच्याकडे पण आणि माझ्याकडे पण, असं नको."

मी तिला समजावलं, की अगं, सोडला तर तू समोर असलीस तरी मला कळणार नाही. ती म्हणाली, मी सांगेन ना. नऊ वर्षांची पोर. तिला वाटलं, सांगणं म्हणजे काय मोठंसं काम.

केंद्रात निनाद आला होता. मी त्याला विचारलं, अर्धा तुझा आहे, सोडू का. तो म्हणाला, ताई, माझ्या भाचीपेक्षा का तो जास्त आहे. मग खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मुकादमबाईंनी पट्टा बांधला. त्यांनी बजावलं होतं की मन दुसरीकडे ठेवून चालणार नाही, गाठ सुटायची तर सोडताना तो आपला आहे हे जाणवत राहिलं पाहिजे. मला ते सांगायची गरज नव्हती. पेटी उघडली. पिंगळू कान पांघरून झोपला होता. गेमने जपानीत विचारलं, मी वरच्या ओळीवर अंगठा ठेवला. गेमने पुन्हा विचारलं. मला वाटलं, अंगठ्याने एकदा तरी माझ्या मनाविरुद्ध वागावं. त्याने ऐकलं नाही. दुसरी पेटी उघडली, पुन्हा तेच केलं. दोन्ही जागा रिकाम्या झाल्या, आणि तरी काही झाल्यासारखं वाटेना.

बाहेर आले तर प्रसन्न दिसला, लगेच ओळखू आला. त्याच्या शेजारी एक मुलगी उभी होती. निळा फ्रॉक, दोन वेण्या. मी वाट पाहिली. आतून काहीतरी येईल म्हणून तिच्या डोळ्यांकडे, नाकाकडे, कपाळाकडे बघत राहिले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मोठ्या आशेने. तिला वाटत असावं की तिच्या बाबतीत तरी हे खोटं निघेल.

शेवटी ती म्हणाली, "मी जुई." आणि प्रसन्नच्या पोटात डोकं खुपसून ती जी रडायला लागली ती घाट उतरेपर्यंत रडत होती.

याला आता दोन वर्षं झाली. मशीन निनादने परत नेलं. अवनीचं कुटुंब मार्चमध्ये कोल्हापूरला गेलं. बाजारात कधी समोरून एखादी मुलगी आली की मी बाजूला होते, कुठल्याच पोरीचा हात धरत नाही. जुई रोज सकाळी उठली की आधी म्हणते, मी जुई. शाळेतून आली की दारातून म्हणते, मी जुई. आंघोळ करून, कपडे बदलून बाहेर आली तरी म्हणते. कधी कंटाळून म्हणते, कधी चेष्टेने, कधी नुसतं पुटपुटते. मला तेवढं पुरतं. आवाज आला की मी तिला जवळ घेते, तिच्या केसांचा वास घेते, आणि मनातल्या मनात तिच्यावर विश्वास ठेवते.

पण ती आता अकरा वर्षांची झालीये. मंगळवारी आमचं वाजलं. वर्गाची सहल मुक्कामाची होती, मी नको म्हटलं. तिथे पन्नास मुलींत मी तिला सोडायला आणि आणायला कशी जाणार, हे मला तिला सांगता येईना. ती दार आपटून मैत्रिणीकडे गेली. प्रसन्न बंदरावर कामाला होता. पाच वाजता दार उघडलं आणि एक मुलगी आत आली. अंगावरचा टी-शर्ट मी कधी पाहिलेला नव्हता, मैत्रिणीचा असेल. केस मोकळे सोडलेले. तिने काही म्हटलं नाही. मी विचारलं, जुई? ती माझ्याकडे न बघता टेबलाशी जाऊन बसली.

मी पुन्हा विचारलं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. तिसऱ्यांदा विचारायचा मला धीर झाला नाही, कारण ती 'नाही' म्हणाली असती तर मी काय करणार होते? मी तिचे कान बघितले, नखं बघितली, बसण्याची ढब बघितली. कुठलीच खूण पुरेना. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती, प्रसन्न सातला येणार होता.

मग मी ताट घेतलं आणि तिला वाढलं. कोणाची का असेना, पोर भुकेली होती.